जुना भाव

झाकण उघडण्याआधी मी हुंगते.
करपलेलं वार्निश, त्यात थोडी मासळी.
म्हणजे नुसत्या फ्यूजवर भागायचं नाही.

उबिराजारा दारात उभा. मागे त्याची पांढरी फियाट,
टपावर दोन भोंगे, आत खिडकीपर्यंत अंड्यांचे ट्रे,
आणि त्याही मागे, किशादाच्या उन्हात,
खुडूक कोंबडीसारखा बसलेला तो खडक,
ज्याच्याकडे आता फक्त पाहुणे बघतात.

"काल संध्याकाळी गेला," तो म्हणतो. "आपोआप."

आपोआप काही जात नाही, उबिरा.
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी
घडी घालून बसवलीय, तीही आपोआप?
तो हातातली टोपी फिरवत राहतो.

मीटर लावते. जिथे त्यानं गप्प राहायचं
तिथे तो किंचाळतो.
पुरवठ्याचे चार ट्रान्झिस्टर, चारही आरपार.
डाव्या बाजूचा आणखी एक,
आणि त्याच्याखालचं अभ्रक
पापडासारखं तडकलेलं.

म्हातारे ओताव्हियानो, ज्यांच्या टेबलाखाली बसून मी हे शिकले,
म्हणायचे, मेलेलं बदलणं हे निम्मं काम.
कशानं मेलं ते न शोधता वीज सोडलीस
तर नव्यालाही मेल्यांतच धर.

म्हणून गाडीत शिरते, गुडघ्यांवर.
अर्थिंगची वायर रंगावरच आवळलेली. खरवडते.
भोंगे ठीक. बॅटरी म्हातारी, पण ठीक.
मग अँप्लिफायर पुन्हा उलटा करते, तर
गेनचा बारका स्क्रू, पार शेवटाला टेकलेला,
आणि त्याची खाच घासून घासून चांदीसारखी.
एकदा फिरवून अशी होत नाही खाच.
रोज वर, रोज खाली, सुरीच्या टोकानं.

मी काही बोलत नाही.

तीन तास सोल्डरचा धूर.
मग हेडलाइटचा जुना बल्ब वाटेत जोडते,
काही चुकलं असेल तर तो पेटेल, बाकीचं वाचेल.
बल्ब एकदा लुकलुकतो. विझतो.
हिरवा दिवा.

त्याचा पेनड्राइव्ह खोचते, आणि माझ्या दुकानात
एलिएते बोलू लागते:
तीस अंडी दहा रियाल, बायांनो, या, भांडं घेऊन या,
कालची नाहीत, आजची आहेत,
आणि शेवटी ते हसू, जे तेव्हा चुकून भरलं गेलं.

दोन वर्षं झाली. ट्रे आता अठराला.
प्रत्येक कोपऱ्यावर हा खिडकीतून डोकं काढून ओरडतो,
"अठरा! अठरा! ते जुनं आहे!"
आणि जी बाई वाद घालते तिला दहालाच देतो.
एलिएते राहते खडकाच्या पायथ्याशी, उतारावर,
निळ्या फाटकाच्या घरात,
गॅसच्या टाक्या वाटणाऱ्याबरोबर.
स्क्रू कुठे वर जातो
हे मीटरला विचारायची गरज नाही.

"नवा आवाज भर," मी म्हणते. "माझी भाची भरून देईल, फुकट."
तो ट्रे मोजायला लागतो. मोजलेलेच पुन्हा.

पडद्यावर लाटेचा माथा सपाट होत होता.
तो पुन्हा गोल होईपर्यंत स्क्रू मागे घेते,
त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब, लाल.
"हा फुटला तर गॅरंटी संपली."
"बरं."
"उतारावरसुद्धा."
तो बरं म्हणत नाही.

ऐंशी झाले.
सत्तर रोख ठेवतो, वर एक ट्रे,
आणि गाडी सुरू करतो.
बरोबर आला हिशेब,
जुन्या भावानं.

सहाच्या सुमाराला आवाज उताराला लागतो.
इस्त्री तापलेली तशीच हातात धरून मी ऐकते.
फाटत नाहीये.
अजून तरी.